नळी बाहेर, तपासली

३ नोव्हेंबर

मी सहा-सात वर्षांची असताना आई एकदा शेजारणीला म्हणाली होती, "या पोरीचा राग जातो तरी कुठे, कळत नाही. एखाद्या दिवशी सगळा साठा एकदम सापडायचा."

आज आरोग्यसेविका म्हणून रुजू व्हायला तित्तीख गावी येताना ते वाक्य आठवलं. दवाखान्याची व्हॅन चालवणाऱ्या द्युग्यूरने नदीच्या बर्फावर असा काही गचका दिला, की थर्मासातला चहा माझ्या मांडीवर सांडला. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. मला हसू आलं. ताई, तुम्हाला राग येत नाही का, असं त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, येतो, पण इतका उशिरा, की तोवर माणूस निघून गेलेला असतो. मग तोही हसला, आणि पुढचे चार तास गप्पांत गेले. छत्तीसचा असेल. पुढचा एक दात नाही. म्हणतो, हॉर्न बिघडला तर त्या फटीतून शिट्टी मारता येते, देवाने विचार करूनच पाडलाय.

खोली मला त्याच्याच आईकडे मिळाली आहे. ओग्दो आजी सत्तरीची, ठेंगणी, बोलता बोलता हात धरणारी. अंगणात पिण्याच्या पाण्याचे बर्फाचे ठोकळे भिंतीसारखे रचलेले आहेत. माझ्या खोलीची खिडकी दक्षिणेला आहे आणि चूल भिंतीपलीकडेच, त्यामुळे भिंतीला पाठ लावली की ऊब लागते. आजीने अलाजी, म्हणजे जाडसर घावन, तळल्या होत्या. लोण्यात बुडवलेला पहिला तुकडा मी चुलीत टाकला, विस्तवाला माझं नाव सांगितलं आणि मगच जेवले. आजीचे डोळे भरून आले. शहरातून येणाऱ्या बायका हे विसरतात म्हणाली.

शहरातल्या इस्पितळाबद्दल इथे फार लिहिणार नाही. चुकीचं औषध डॉक्टरांनी सांगितलं, ते दिलं मी, आणि शेवटी कागदावर नाव माझं एकटीचं आलं. मी सही केली. भांडले नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला शांत झोप लागली तरी पुष्कळ असतं, असं तेव्हा वाटलं. इथे ती लागेल.

६ नोव्हेंबर

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. माझ्याआधी इथे कुन्नेय नावाची आरोग्यसेविका होती. एकतीस वर्षांची. दूरच्या जिल्ह्यातली, इथे तिचं कुणी नव्हतं. तिच्या हाताचं सगळं अजून जागेवर आहे: बरण्यांवर चिठ्ठ्या, कात्र्या आकाराप्रमाणे लावलेल्या, खुंटीवर पांढरा कोट, त्याचा खिसा इतका बारीक टाक्यांनी शिवलेला, की आधी मला ते कापडच वाटलं.

मागच्या फेब्रुवारीत ती व्हॅनमध्येच वारली. गाडीतला हीटर लावून झोपली आणि धुराची नळी बाहेर काढायला विसरली, असं दुकानदारीणबाईंनी सांगितलं. शाळेतल्या शिपायानेही तेच सांगितलं. "चांगली होती, पण विसराळू," दोघांचे शब्द अगदी तेच होते. व्हॅन तीच आहे. गावाला एकच आहे. जुनिपरच्या वाळलेल्या पाल्याची धुरी देऊन पुन्हा वापरायला काढली.

मला भीती नाही वाटली. वाईट वाटलं. धुरातल्या वायूने गेलेली माणसं मी पाहिली आहेत. गाल गुलाबी असतात, नुकतीच खेळून आल्यासारखी दिसतात.

संध्याकाळी द्युग्यूर कागदांचा गठ्ठा घेऊन आला. चाव्या मिळाल्या, औषधं मिळाली, पलंग मोजले, असले अकरा कागद. चहा पिता पिता त्याचे विनोद ऐकत मी सह्या केल्या.

९ नोव्हेंबर

आजपासून लांबच्या घरांच्या फेऱ्या सुरू. उणे एकेचाळीस. द्युग्यूरने मला गाडीची शेगडी शिकवली. त्या हीटरला इथे सगळे शेगडीच म्हणतात. चालकाशेजारच्या आसनाखाली पत्र्याची पेटी. डिझेलची टाकी वेगळी, पंप वेगळा. इंजिन बंद असलं तरी चालते. बटण दाबलं की आधी पंप टकटक करतो, मग पंखा घरघरतो, आणि तीन-चार मिनिटांनी आत ज्योत धरते, भप्प करून. एवढीशी ज्योत, पण इंजिन गोठू न देणं आणि आतल्या माणसाला जगवणं दोन्ही तिच्यावर. तिचा धूर अंगठ्याएवढ्या जाड नळीने गाडीखालून बाहेर पडतो.

गाडी उभी करायची तर तिच्यावर गोधडी घालतात. आत दाबलेल्या लोकरीचा नमदा, वर ताडपत्री, थेट जमिनीपर्यंत. शहरात मला गॅरेज होतं, म्हणून हे नवीन. गोधडी बाहेरून सहा गाठींनी बांधतात, आणि खालची नळी हाताने ओढून कडेच्या भोकातून बाहेर काढतात. नाहीतर सगळा धूर गोधडीच्या आत. म्हणून प्रवासातला नियम असा: गाडीत जो झोपेल त्याच्यावर गोधडी दुसऱ्याने घालायची, आणि ज्याने घातली त्याने बाहेर जाळ करून जागं राहायचं, नळीच्या तोंडावरचा बर्फ झटकत. मग पाळी बदलायची. "गोधडी घातली की त्याचा श्वास तुमच्या हातात, ताई," द्युग्यूर म्हणाला. त्या वाक्यावर मात्र त्याने विनोद केला नाही.

शेगडी पहिल्यांदा माझ्या हाताने पेटली, तेव्हा मी डब्यातलं लोणी बोटावर घेऊन नळीच्या तोंडाला लावलं. चर्र झालं. नाव सांगितलं. पहिला जाळ, पहिला घास. हात आपोआप गेला. द्युग्यूर पोट धरून हसला. ती डिझेल पिणारी बाई आहे, लोण्याने तिचं पोट बिघडेल म्हणाला.

१६ नोव्हेंबर

सकाळी व्हॅनमध्ये चढले तर आत ऊब. आसनसुद्धा कोमट, जणू कुणी आत्ताच उठून गेलंय. मला वाटलं, द्युग्यूरने लवकर येऊन शेगडी लावली असेल, किती काळजी घेतो. तो आला आणि मलाच आशीर्वाद देऊ लागला. बायकांची जात पहाटे उठणारी म्हणून.

दोघांनीही लावली नव्हती. जुनं यंत्र आहे, तारेला तार लागली असेल, असं म्हणून आम्ही निघालो. आज दिवसभर गाडीत इतकं बरं वाटत होतं, की परतल्यावर मला उतरवेना.

२३ नोव्हेंबर

रोज डोकं दुखतं. गोड, जड दुखणं. आरशात गाल छान दिसतात. आजी म्हणते, तित्तीखची हवा मानवली.

आज कपाटात व्हॅनची मागच्या हिवाळ्यातली नोंदवही सापडली, जानेवारीपर्यंतची. कुन्नेयने रोज लिहिली आहे. कुठे गेलो, किती किलोमीटर, थंडी किती. आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी: "नळी बाहेर. तपासली." सुट्टीच्या दिवशी गाडी हलली नाही तरी: "नळी बाहेर. तपासली." मी पानं उलटत राहिले. एकही दिवस सुटलेला नाही.

विसराळू.

दुपारी अंगणात उभ्या व्हॅनवर गोधडी होती. एका बाजूच्या गाठी सोडून मी आत शिरले आणि त्या आतून मारता येतात का ते पाहिलं, कारण गावात म्हणतात, तिने दोऱ्या आतून ओढून घेतल्या. हात पोहोचतच नाहीत. ताडपत्री गारठून पत्र्यासारखी होते. बांधलेल्या बाजूचं दार चार बोटं उघडतं आणि अडतं.

दाराच्या आतल्या कातड्यावर ओरखडे आहेत. खाली, हँडलजवळ. कुणीतरी वरून काळा रंग दिलाय.

२८ नोव्हेंबर

त्या अकरा कागदांच्या नकला आज फाइलमध्ये पाहिल्या. दहा सामानाचे. अकरावा चौकशी बंद करण्याचा. त्यावर दवाखान्याच्या सध्याच्या जबाबदार व्यक्तीची सही लागते. "मृत्यू मृत व्यक्तीच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, हे नोंदींवरून पटले." खाली माझी सही. नेहमीची, शेवटी वाकडी ओढलेली.

आधी स्वतःबद्दलच्या खोट्यावर सही केली होती. आता दुसरीबद्दलच्या खोट्यावर.

छातीत काहीतरी पेटलं, ते लगेच ओळखता आलं नाही.

४ डिसेंबर

लोण्याची गोष्ट द्युग्यूरने गंमत म्हणून आईला सांगितली. ओग्दो आजीच्या हातातलं पातेलं खाली पडलं. मला बाजूला घेऊन तिने बराच वेळ सुनावलं. चुलीला घास देणारी त्या चुलीची होते. तिचं सोयर, तिचं सुतक, तिचं वैर, सगळं घास देणारीवर येतं. त्या विस्तवाजवळ आधी कोण बसलं होतं हे न विचारता तू घास दिलासच कसा?

मी विचारलं, आजी, कोण बसलं होतं? गाव तर म्हणतं, ती एकटीच होती.

आजी उठून अलाजीचं पीठ भिजवायला गेली. अर्धं पोतं पीठ भिजवलं. खाणारी आम्ही दोघंतिघं.

९ डिसेंबर

वाटेत शेगडीने काजळी ओकली. द्युग्यूर एका घरात चहाला थांबला होता. मी आसन उचलून पेटीचं झाकण काढलं. पेटीमागे, पत्रा आणि जमिनीच्या फटीत, काजळीने चिकटलेली एक वही. फेब्रुवारीची नोंदवही. इथे कुणी हात घातला नसणार. घालायला आसनाखाली आडवं पडावं लागतं. तिने आडवं पडून ढकलली असेल.

शेवटची नोंद पेन्सिलीची. "इंजिनाचा पट्टा तुटला. नदीवरचा रस्ता, बारावा खांब. गोधडी द्युग्यूरने घातली. नळी बाहेर. तो जागा आहे."

त्याखाली कोरी पानं.

तो जागा आहे. हे तीन शब्द मी किती वेळा वाचले कुणास ठाऊक. किती विश्वासाने लिहिलेत. तेवढ्यात तो चहा पिऊन शिट्टी वाजवत आला आणि विचारू लागला, ताई, एवढ्या काळ्या कशा झालात, शेगडीशी भांडलात काय?

मी म्हटलं, नाही, ओळख झाली.

१४ डिसेंबर

आज ओग्दो आजीला दाताच्या डॉक्टरीणबाईकडे, शेजारच्या गावी न्यायचं होतं. द्युग्यूरला लाकडं आणायची होती, म्हणून गाडी मीच चालवली. आजी मागे बसायचा हट्ट करत होती; मी तिला शेगडीवरच्या आसनावर बसवलं. तिथे जास्त ऊब लागते, असं तिला सांगितलं.

अर्ध्या वाटेत तिचं डोकं खांद्यावर पडलं. गाल गुलाबी. मी गाडी थांबवली, दोन्ही दारं उघडली, तिला बर्फावर ओढलं, तोंडावर बर्फ चोळला. माझ्या डोक्याला मात्र काहीच झालं नव्हतं. ती डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली, पण मला पाहतच नव्हती. मला कुन्नेय म्हणाली. माझे दोन्ही हात धरले.

"पोरी, तू तर गेलेलीच होतीस. मग त्यालाही कशाला घालवायचं होतं? मला एकच मुलगा आहे."

आणि तिने सगळं सांगितलं. पट्टा तुटला तेव्हा त्याने कुन्नेयला आत बसवलं, गोधडी घातली, गाठी मारल्या. मग शहराकडे जाणारा मालट्रक आला. नवा पट्टा घेऊन संध्याकाळपर्यंत परत येऊ, असं मनाशी ठरवून तो ट्रकवर चढला. आत तिला सांगितलंही नाही. झोपली असेल, उठवायचं कशाला. शहरात चुलतभावाचं लग्न होतं. तो परतला दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्रभर नदीवर वारा होता, बर्फाचा ढीग नळीच्या वर हातभर. गाठी त्यानेच सोडल्या. आणि आईने त्याच दिवशी घरोघर जाऊन एकच वाक्य वाटलं. चांगली होती, पण विसराळू.

कुन्नेयची आई आली होती म्हणे मृतदेह न्यायला. तिने सगळ्यांची माफी मागितली. माझ्या मुलीमुळे तुमची गाडी अडकली, म्हणाली.

१५ डिसेंबर

आजीला कालचं काही आठवत नाही. मला चहा देताना हात धरत नाही फक्त.

१८ डिसेंबर

फेब्रुवारीची वही माझ्या उशीखाली असते. आज उघडली. कोरी पानं कोरी नाहीत.

१० डिसेंबर. नळी बाहेर. तपासली.
११ डिसेंबर. नळी बाहेर. तपासली.
असंच पुढे. मग,
१४ डिसेंबर. ओग्दो बसली. नळी आत.

अक्षर तिचं असतं तर मी किंचाळले असते. अक्षर माझं आहे. शेवट वाकडा ओढलेला.

वाईट वाटायला हवं होतं. म्हातारी मेली असती. पण मला भूक लागली. दोन वाट्या घोड्याच्या मांसाचं कालवण खाल्लं आणि गाढ झोपले.

२१ डिसेंबर

द्युग्यूरला विचारलं. दवाखान्यात, दार लावून. वही पुढे ठेवली. त्याने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. वाटलं, आता सुटली कुन्नेय. आता हा स्वतःच बोलेल. खरंच, त्या क्षणी मी त्याला माफ करायला निघाले होते. वाटेने गाड्या जातात, कुणीतरी बर्फ झटकेल असं वाटलं होतं, म्हणाला. लग्नात एकच पेला घेतला होता. मग दुसरा. दारू उतरली तेव्हा आधी तीच आठवली आणि त्या आठवणीला घाबरून त्याने तिसरा घेतला.

मी म्हटलं, तिच्या आईला लिहू. चौकशीवाल्यांना लिहू. तू सांग, मी बाजूला उभी राहते.

त्याने डोळे पुसले.

"लिहू नका, ताई. सही तर तुमचीही आहे."

तो धमकी देत नव्हता. समजावत होता, घरच्या माणसाला समजवावं तसा. मला तो डॉक्टर आठवला. तोही असाच समजावत होता.

२५ डिसेंबर

हातमोजे घालत नाही. गरज पडत नाही. उणे एकोणपन्नास. बोटं गरम. राग असा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं तो जाळतो. तो सांभाळतो. आतून, मंद, टकटक करत.

२९ डिसेंबर

दोन पत्रं लिहिली. एक कुन्नेयच्या आईला. एक चौकशीच्या कार्यालयाला, माझी सही मागे घेतली म्हणून, सोबत वहीचं पान. टपाल जातं व्हॅनमधून. टपालाची पिशवी असते द्युग्यूरकडे. नऊ तारखेला औषधं आणायला जिल्ह्याच्या गावी जायचं आहे, तेव्हा स्वतः देईन. मग झालं. कागदाने झालेलं कागदाने निस्तरेल. वैर नको. मी वैर करणारी बाई नाही.

हे लिहीत असताना अंगणात पंप सुरू झाला. टक. टक. टक. गाडीत कुणी नाही.

२ जानेवारी

शेगडीची तार काढली. दोन्ही तारा. टाकीचा नळ बंद केला.

दुपारी भप्प झालं. खिडकीतून पाहिलं, नळीतून धूर.

मी जवळ गेले आणि म्हटलं, पत्रं देते आहे ना, तुझं नाव धुऊन निघेल, आणखी काय हवं? धूर सरळ वर जात होता. वारा नव्हता. मग तो वाकला आणि माझ्या तोंडावर आला. गोड वास. मी — मी दूर झाले नाही. बराच वेळ.

६ जानेवारी

गोधडीच्या दोऱ्या बदलल्यात कुणीतरी. जाड, मेण लावलेल्या. कडेचं भोक शिवून बंद. इतके बारीक टाके, की कापडच वाटावं.

माझ्या बोटांना सुयांची भोकं. मला शिवता येत नाही. कधीच आलं नाही.

७ जानेवारी

आजीला म्हटलं, द्युग्यूरला नऊ तारखेला जाऊ देऊ नका. आजारी आहे म्हणून सांगा. ती म्हणाली, तो गेला नाही तर तू एकटी पत्रं घेऊन जाशील. तिला कसं कळलं? मी म्हटलं, पत्रं तुमच्याजवळ ठेवा. चुलीत टाका. पण मुलाला घरी ठेवा. तिला वाटलं, मी फसवते आहे.

खरंच जाळायला दिली असती मी? माहीत नाही.

द्युग्यूरला थेट सांगितलं, तुझा जीव जाईल. "कोण मारतंय, तुम्ही?" म्हणाला, आणि हसला. "ताई, तुम्हाला तर राग येत नाही."

९ जानेवारी, सकाळ

निघतोय. तीन घरांतलं इन्शुलिन संपलंय, जावंच लागेल. न गेले तर तो एकटा जाईल. त्याला एकटं सोडायचं नाही, हे मी ठरवलं की तिने — सांगता येत नाही. पत्रं कोटाच्या आत. भोकाचे टाके कात्रीने उसवले, बोट घालून पाहिलं, आरपार. आठवणीसाठी इथे लिहिते: भोक उघडं आहे. भोक उघडं आहे.

दुपार, पावणेबारा

पट्टा तुटला. खांब बारावा. द्युग्यूरने खांब पाहिला, मग माझ्याकडे.

शाई गोठली. पेन्सिलीने लिहिते.

साडेबारा

पाऊण तास इंजिनाखाली होता. बोटं पांढरी पडली, दोन बोटांना जाणीव नाही. मी दाबून पाहिली. माझ्या कामातलं मला कळतं: त्याला आत्ता ऊब मिळाली नाही तर बोटं जातील, मग तो जाईल. उणे बावन्न. मालट्रक चार वाजल्याशिवाय येत नाहीत.

मी म्हटलं, दोघंही जाळाजवळ बसू. तो थरथरत होता, दात वाजत होते. आणि शेगडी पेटली होती. आपोआप. काचेतून आतलं सगळं सोनेरी दिसत होतं. तो तिकडे बघत राहिला. घर दिसल्यासारखा.

"गोधडी तुम्ही घाला, ताई. तुम्ही विसरणार नाही, मला माहीत आहे. तासाभराने उठवा."

त्याचा माझ्यावर विश्वास आहे.

पाऊण

घातली. सहा गाठी. नळी बाहेर. तपासली.

एक

नळी बाहेर. तपासली. लाकडं ओली, जाळ नीट धरत नाही. मला थंडी नाही.

एक वाजून दहा

नळी आत होती. मी बाहेर काढली. भोक शिवलेलं — पुन्हा — कात्री गाडीत राहिली — दाताने उसवलं. बाहेर काढली. बाहेर आहे. बघते आहे. नजर हटवत नाही.

वीस

आत. मी पापणीसुद्धा —

गाठी सुटत नाहीत. मेण. दगडासारख्या. माझ्याच हातच्या, मी अशी गाठ मारतच नाही.

पंचवीस

आतून ठोठावतोय. हळू. सभ्यपणे, दवाखान्याच्या दारावर ठोठावतो तसं. "ताई, नळी बघा जरा."

बघते आहे. मी बघतेच आहे, द्युग्यूर.

दीड

डाव्या हाताने लिहिते आहे. नळी बाहेर ओढली, तर उजवा तिच्या तोंडावर, बुचासारखा. उघडा. भाजत नाही, गारठत नाही. ओढला, निघत नाही. तिथेच बसलाय. शांत. किती शांत वाटतंय, हे लिहायची लाज वाटते पण लिहिते.

दार चार बोटं उघडलं. अडलं. त्याची बोटं दिसली ताडपत्रीखाली, फुगवटा, वर-खाली. नखं.

आता ताई म्हणत नाही. आई म्हणतोय.

कुन्नेय. तू आहेस ना इथे. जाळाच्या पलीकडे कुणीतरी बसलंय, मी मान वर करत नाही. ऐक. पत्रं मी पोहोचवेन. तुझ्या आईच्या पायाशी बसून सगळं सांगेन. हा जगला तर हाच सांगेल, गावासमोर, मी सांगायला लावीन. त्याची आई आहे — तुझीही आहे, माहीत आहे, तिने माफी मागितली, ते माझ्याही घशाखाली — माहीत आहे. तू नाहीच म्हणणार. तू ठोठावलंस तेव्हा कोण होतं. तुझ्या जागी मी असते तर मीही नाही म्हटलं असतं. मी तर तुझ्या जागी नसूनही —

तरी मागते. फार नाही. माझा उजवा हात दे. एका गाठीपुरता. मग ठेव तुझ्याकडे, कायमचा. तो तू धरलाय की मीच — नको, ते विचारू नकोस मला. ठोठावणं थांबत आलंय. आत्ता दे, कुन्नेय, एवढा हात, फक्त एक